नमुना पाहिला एक, कालवला भलताच: रंग जुळवताना या चुका टाळा

चार वर्षांपूर्वी श्रावण संपता संपता आमच्या शाळेत साठेक गणपती रंगाला लागले होते. कुडाळ-सावंतवाडीकडे गणपती घडवतात त्या जागेला शाळाच म्हणतात. ही माझ्या सासऱ्यांची शाळा, आणि लग्न होऊन आले तेव्हापासून रंगाची खोली माझ्याकडे आहे. एका घराच्या गणपतीचा पीतांबर दरवर्षी एकाच पिवळ्यात जातो. हळदीचा किंवा झेंडूचा पिवळा त्यांना चालत नाही. केवड्याच्या कणसातल्या आतल्या पानाचा, दुधाचा थेंब पडल्यासारखा पिवळा लागतो. पुढची बाजू देऊन झाली आणि करवंटीतला रंग संपला. मी तो पिवळा नीट पाहून घेतला, उठले, आतल्या खोलीत नवा रंग कालवायला गेले. वाट अकरा पावलांची. त्या वाटेवर फळीवर सात गणपती वाळत होते, सातांचेही शेले नुकतेच शेंदरी दिलेले.

रंग कालवून आणला. मूर्ती भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती, मागची बाजू दिली. मला तो पिवळा तोच वाटला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी घरचे काका पाट घेऊन आले, मूर्ती दारातल्या उजेडात हळूच फिरवली आणि म्हणाले, “वयनी, मागचो पिवळो तो न्हय.”

खरंच नव्हता. कडेला, जिथे पुढचा आणि मागचा पिवळा एकमेकांना भेटत होते, तिथे बोटभर रुंदीच्या पट्टीत स्पष्ट दिसत होतं: पुढचा केवड्याचा, मागचा शेंदरीकडे कललेला. रात्री बसून मागची बाजू पुन्हा दिली. काकांनी शब्दानेही बोल लावला नाही, पण मला झोप आली नाही. वीस-बावीस वर्षं हात रंगात आहे, मग अकरा पावलांत रंग का हरवावा?

त्यानंतर या विषयावर मिळेल ते वाचत गेले आणि शाळेतल्या कामाशी ताडून बघत गेले. एक गोष्ट पक्की समजली. पाहिलेला रंग मनात काही काळ बऱ्यापैकी टिकतो. तो बिघडतो तो मुख्यतः त्यानंतर डोळ्यांपुढे येणाऱ्या दुसऱ्या रंगांमुळे. म्हणून नमुना किती वेळ न्याहाळला याच्याइतकंच, नमुन्यावरून नजर उठली ती कशाकशावरून फिरून करवंटीवर आली, हे महत्त्वाचं. खालच्या बहुतेक चुका याच एका मुळातून फुटतात.

तीन-चार रंग एकदम डोळ्यांत भरून घेणं

ही चूक नवशिक्यापेक्षा घाईत असलेला जाणता माणूस जास्त करतो. एक नमुना समोर धरायचा, पीतांबर, शेला, कमळ, किरीट सगळं एका नजरेत घ्यायचं आणि चार करवंट्या भरायला बसायचं.

मनाच्या या तात्पुरत्या फळीवर जागा फार थोडी आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात स्टीव्हन लक आणि एडवर्ड व्होगेल यांनी १९९७ साली एक साधा, सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर रंगीत चौकोन सेकंदाच्या दहाव्या भागापुरते दाखवायचे, मग जेमतेम सेकंदभर पडदा रिकामा, मग पुन्हा चौकोन. विचारायचं इतकंच: एखाद्याचा रंग बदलला का? तीन चौकोनांपर्यंत माणसं जवळपास चुकतच नव्हती. चारपासून पुढे चौकोन वाढवावेत तशी उत्तरं घसरत गेली. म्हणजे जागा तीन-चार रंगांची, आणि तीही मध्ये काहीच आलं नाही तर.

त्यापुढची गोष्ट मला जास्त कामाची वाटली. २००९ साली पॉल बेज, रॅकेल कटालाओ आणि मसूद हुसेन यांनी दाखवलं की अनेक रंग एकदम लक्षात ठेवले की माणूस कधी कधी रंग विसरत नाही, जागा विसरतो. डावीकडच्याचा रंग विचारला तर उजवीकडच्याचा सांगतो. हे वाचल्यावर मला आमच्या शाळेतल्या कितीतरी भानगडी आठवल्या. कमळाचा गुलाबी उंदराच्या शेल्याला गेलेला असतो आणि देणारा शपथेवर सांगतो की नमुन्यात तसंच होतं. तो खोटं बोलत नसतो. गुलाबी त्याने पाहिलेलाच असतो, फक्त कुठे पाहिला ते सरकलेलं असतं.

आता आमच्याकडे नियम आहे: एका फेरीला एकच रंग. नमुना बघायचा, तो रंग कालवायचा, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर एक फटकारा मारून नमुन्याला लावून बघायचा, मगच दुसऱ्या रंगाकडे वळायचं. फेऱ्या वाढतात, पण रात्रीची दुरुस्ती वाचते.

नमुना आणि करवंटी यांच्या वाटेत दुसरे रंग येऊ देणं

माझी ती अकरा पावलं ती हीच. या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण हिला कोणी चूक मानतच नाही.

आपली समजूत अशी की मधे काही दिसलं तर ते फक्त ‘लक्ष विचलित’ करतं, आणि लक्ष परत आणलं की झालं. डोळ्यांची स्मृती तशी चालत नाही. स्वेन मॅग्नुसेन, मार्क ग्रीनली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जाळ्यांवर प्रयोग केले. माणसाने पट्ट्या किती बारीक आहेत ते लक्षात ठेवायचं, आणि मधल्या वेळात त्याला दुसरी जाळी दाखवायची. मधल्या जाळीच्या पट्ट्यांचा बारीकपणा वेगळा असला की आठवण बिघडायची. बारीकपणा तोच ठेवून फक्त पट्ट्यांची दिशा वळवली तर बिघडायची नाही. म्हणजे मन पट्टीची दिशा एका कप्प्यात आणि बारीकपणा दुसऱ्या कप्प्यात ठेवत असावं, आणि अडथळा येतो तो त्याच कप्प्यात दुसरी वस्तू घुसली की.

रंगाचंही तसंच घडतं, आणि त्यात आणखी एक वाईट भर आहे. मधे दिसलेला रंग मनातल्या रंगाला पुसट तर करतोच, शिवाय त्याला आपल्याकडे ओढतो. अगदी परका रंग कमी ओढतो, शेजारचा जास्त. पिवळा मनात घेऊन निघालात आणि वाटेत गडद निळी बादली दिसली, तर फारसं बिघडणार नाही. वाटेत शेंदरी दिसला तर पिवळा शेंदरीकडे सरकेल. माझ्या मागच्या पिवळ्याने नेमकं हेच केलं होतं. पांढरा कमी पडून तो मळका झाला असता किंवा हिरवटही गेला असता, पण तो गेला शेंदरीकडेच, सात शेल्यांच्या दिशेने. चूक कुठल्या बाजूला झुकली आहे ते पाहिलं की वाटेत काय होतं ते बहुतेक वेळा सापडतं.

म्हणून शाळेत रंग चुकला की आता कोणी ‘हात चुकला’ म्हणत नाही. आम्ही आधी विचारतो, मधे काय बघितलंस?

उपाय अगदी साधे निघाले. एक, कालवायचं टेबल नमुन्यापाशी आणलं, नमुना टेबलापाशी नेला तरी चालतो. माणसाने रंग डोळ्यांत घेऊन खोल्या ओलांडायच्या नाहीत. दोन, टेबलावर त्या वेळी लागणाऱ्या रंगांखेरीज उघडा डबा ठेवायचा नाही. उघड्या डब्याचं तोंड म्हणजे ओल्या, चकाकत्या रंगाचं वर्तुळ असतं, त्याच्याकडे नजर न जाणं कठीण. फ्लुरोसंट रंगांचे डबे तर मी झाकण लावून टेबलाखाली ठेवते. तीन, वाळायच्या फळीसमोर जुनं, धुऊन करडं झालेलं धोतर टांगलं. मूर्तीला धूळही लागत नाही आणि कालवणाऱ्याच्या नजरेसमोर राखाडीशिवाय काही नसतं. धोतर टांगलं तेव्हा सासऱ्यांना ते देवाला आडोसा केल्यासारखं वाटलं होतं. चार दिवस काम बघितलं आणि पुढच्या वर्षी त्यांनीच दुसरं आणून दिलं.

आणि चौथा, जो सगळ्यात खात्रीचा: रंग लक्षात ठेवायचाच नाही. पहिल्या हाताचा रंग संपण्याआधी त्यातला एक फटकारा पांढऱ्या पुठ्ठ्यावर मारून, सुकवून, मागे तारीख आणि प्रमाण लिहून ठेवायचं. ‘लिंबू पिवळा चार चमचे, पांढरा तीन, गडद पिवळा काडीच्या टोकावर मावेल एवढा.’ रंग पुन्हा कालवताना पुठ्ठा करवंटीच्या काठाला टेकवून ठेवायचा, म्हणजे दोन्ही रंग एका नजरेत राहतात. तिथे स्मृतीला कामच उरत नाही, म्हणून तिची चूकही उरत नाही.

नुसतं ‘पिवळा’ म्हणून मनात ठेवणं

डोळ्याला फरक कळतो तो फार बारीक. दोन पिवळे शेजारी ठेवले तर शाळेत खेळायला येणारं पोरही कुठला जास्त लिंबाकडचा ते सांगतं. पण रंग समोरून काढून घेतला की मन तो मोठ्या, ठळक खणात टाकतं: पिवळा, हिरवा, निळा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली हेच मांडलं. माणसं आठवणीतून रंग दाखवतात तेव्हा उत्तर त्या त्या खणाच्या मध्याकडे झुकतं. निळसर-हिरवा असेल तर आठवणीत तो चांगला निळा तरी होतो, नाहीतर चांगला हिरवा तरी. मोरपंखी रंग जुळवताना इतका त्रास का होतो त्याचं उत्तर मला इथे मिळालं. तो दोन खणांच्या बांधावर उभा आहे.

ओळखीच्या वस्तूंचं याहून वेगळं. १९६० साली सी. जे. बार्टलसन यांनी दाखवलं की गवत, आकाश, वीट अशा रोजच्या वस्तूंचे रंग लोकांना असतात त्याहून जास्त भरलेले आठवतात. ‘चिऱ्याचा रंग द्या’ म्हणून कोणी आलं आणि मी आठवणीतून जांभ्या दगडाचा तांबडा कालवला तर तो नेहमी भडक होतो. खरा चिरा उचलून आणून शेजारी ठेवला की कळतं त्यात राखाडी आणि पिवळं किती आहे.

मग रंगाला नाव द्यायचंच नाही का? द्यायचं, आणि मोठ्याने द्यायचं. २०१७ साली अलेसांड्रा सूझा आणि झुझाना स्कोरा यांच्या प्रयोगांत रंग बघताना त्याचं नाव उच्चारणाऱ्यांना तो जास्त चांगला आठवला. माझा अनुभव त्यात एवढीच भर घालतो की नाव जितकं अरुंद तितकं बरं. ‘पिवळा’ हे नाव फार मोठं घर आहे, त्यात रंग कुठेही जाऊन बसतो. ‘केवडी, दूध घातलेला, लिंबाच्या बाजूचा’ म्हटलं की त्याला हलायला जागा कमी.

मराठीत या कामासाठी केवढी संपत्ती आहे! अबोली, गुलबक्षी, डाळिंबी, आमसुली, वांगी, मोरपंखी, पोपटी, चिंतामणी, श्रीखंडी, मोतिया, विटकरी, शेंदरी, केशरी. बहुतेक नावांमागे हातात धरता येईल अशी वस्तू आहे. शाळेत कामाला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात ब्रश देत नाही, ही नावं देते. आजची मुलं डार्क पिंक आणि लाइट पिंक यावर भागवतात, आणि मग अबोली, तेरडा, गुलबक्षी, राणी हे चार वेगळे रंग त्यांच्या मनात एकाच ठिकाणी जाऊन पडतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. नाव गेलं की रंग दिसतो तोवर असतो, पाठ फिरली की जातो.

‘तुझी स्मरणशक्तीच कमी’ म्हणणं

असं म्हणणं चूक आहे, आणि त्याने माणूस खचतो. २००५ साली व्होगेल आणि सहकाऱ्यांनी ओरेगन विद्यापीठात लोकांना पडद्यावरच्या तांबड्या पट्ट्या लक्षात ठेवायला आणि निळ्या सोडून द्यायला सांगितलं, आणि त्या वेळी मेंदूत काय साठतंय ते डोक्यावरच्या विद्युत-नोंदींवरून पाहिलं. ज्यांची उत्तरं कमी पडत होती त्यांच्या मनात निळ्या पट्ट्याही जाऊन बसल्या होत्या. त्यांची फळी नको त्या वस्तूंनी भरत होती. चांगली उत्तरं देणारे निळ्या पट्ट्या दारातच अडवत होते.

आमच्याकडे एक मुलगा होता, हात अतिशय स्वच्छ, पण रंग आणताना हमखास चुकायचा. त्याला बाकीच्यांच्या रांगेतून उचलून भिंतीकडे तोंड करून बसवला, समोर एकच मूर्ती, एकच करवंटी. त्याच आठवड्यात तो माझ्याइतका खात्रीचा झाला. अशा माणसाला सूचना देऊन उपयोग नाही, त्याच्यासमोरचं टेबल रिकामं करून द्यावं.

डोळ्याचा आणि उजेडाचा दोष स्मृतीच्या माथी मारणं

सगळ्याच चुका आठवणीच्या नसतात. दोष कुठला हे ओळखायची एक सोपी खूण आहे: सुकलेला नमुना आणि सुकलेला नवा रंग दिवसाच्या उजेडात एकमेकांना टेकवून धरा. पहिल्या क्षणापासून वेगळे दिसले, तर तुम्ही कालवतानाच वेगळा रंग मनात घेऊन बसला होता. टेकवल्यावर एक दिसले आणि मूर्तीवर मात्र वेगळे वाटत असले, तर शेजारच्या रंगांची करामत आहे. आत एक आणि बाहेर वेगळे दिसले, तर दिवा बघा.

शेजारच्या रंगांच्या करामतीची जुनी गोष्ट पॅरिसची आहे. मिशेल यूजीन शेव्रुल हे रसायनशास्त्रज्ञ गोब्लां या गालिचे-पडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. तक्रार आली की काळा धागा फिका पडतो. त्यांनी धागे तपासले, रंग उत्तम होता. दोष धाग्यात नव्हता, त्याच्या शेजारी विणलेल्या रंगांत होता. त्यावरून केलेला अभ्यास त्यांनी १८३९ साली मांडला. आमच्याकडे गडद हिरव्या शेल्याला टेकलेलं गुलाबी अंग जरा जास्तच लाल दिसतं ते याच कारणाने. अंगाचा रंग बदलू नका, हवं तर शेल्याची कडा सोनेरी करा.

डोळा दमण्याचाही एक प्रकार आहे, आणि तो आमच्या भागात पावसाळ्यात फार होतो. शाळेचं दार उघडलं की समोर भाताचं शेत. श्रावणातला तो हिरवा इतका भरगच्च असतो की मिनिटभर बघितलं तर डोळ्यातली हिरव्याला जागी होणारी यंत्रणा थकते. आत येऊन अंगाचा रंग बघितला की तो लालसर वाटतो, आणि माणूस उगाच त्यात पिवळं घालतो. बाहेरून आलात की अर्धा मिनिट पांढऱ्या किंवा राखाडी भिंतीकडे बघा, मग रंगाला हात लावा.

दिव्याबद्दल थोडं. दोन रंग वेगवेगळी रंगद्रव्यं मिसळून केलेले असले तर ते एका दिव्याखाली तंतोतंत जुळू शकतात आणि दुसऱ्या दिव्याखाली फुटून वेगळे होऊ शकतात. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या. त्या तिघींपैकी प्रत्येकीचा प्रतिसाद सारखा आला की डोळा ‘एकच’ म्हणतो, मग प्रकाशाची घडण वेगळी का असेना. म्हणून रात्री जुळवलेला रंग सकाळी बघितल्याशिवाय मूर्तीला देऊ नका. एलईडी बल्बच्या खोक्यावर ३००० के किंवा ६५०० के असा आकडा छापलेला असतो; पहिला पिवळट उजेड, दुसरा ढगाळ दिवसाच्या जवळचा. रंगाच्या खोलीत ६५००चाच लावा, आणि सगळे दिवे एकाच आकड्याचे ठेवा. पडवीला पावसाचं निळं प्लास्टिक बांधलेलं असेल तर त्याखाली रंग कालवू नका. तिथे येणारा सगळा उजेड निळा होऊन येतो, आणि तासाभरात तो निळा आहे हे तुम्हाला जाणवेनासं होतं.

ओला-सुका फरक तर सगळ्यांना माहीत आहे, तरी घाईत विसरतो: पांढरं भरपूर असलेले साधे पाण्यातले रंग सुकल्यावर फिके होतात, अॅक्रिलिक थोडे गडद. जुळवणी सुक्याची सुक्याशी.

फोटोवर विसंबणं

‘गेल्या वर्षीचोच रंग होयो’ म्हणून मोबाईल पुढे करणारे दरवर्षी पाच-दहा जण येतात. मोबाईल उजेडाप्रमाणे रंग आपणहून सावरतो, पडद्याची चमक वेगळी, आणि मूर्तीमागे लाल मखर असेल तर सगळाच हिशेब बदलतो. फोटो कुठे कुठला रंग होता ते सांगायला उत्तम. रंग नेमका कोणता ते पुठ्ठ्याला विचारा.

गणपतीबाहेरही हेच

साडी घरी ठेवून ब्लाऊजपीस आणायला मॅचिंग सेंटरमध्ये जाणं ही याच चुकीची घरोघरची आवृत्ती. दुकानदार प्रेमाने आमसुलीचे नऊ तागे उलगडतो, आणि प्रत्येक तागा तुमच्या मनातल्या आमसुलीला थोडा थोडा ढकलतो. नवव्या ताग्यापर्यंत मनात असलेला रंग साडीचा उरलेला नसतो. फॉल लावतानाच पदराच्या आतल्या बाजूचे चार दोरे काढून डबीत ठेवावेत आणि ते घेऊन जावं. भिंतीच्या रंगाला, फरशीला, तुटलेल्या कपाच्या जोडीलाही हाच नियम.

विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा. रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड आणा, त्यातले पिवळ्यापासून शेंदरीपर्यंतचे आठ शेजारी-शेजारी तुकडे कापा, मागे आकडे टाका. दुसऱ्याने एक तुकडा पाच सेकंद दाखवायचा. पहिल्या दहा वेळा तुम्ही मधे डोळे मिटून दहापर्यंत मोजायचं आणि मग आठांतून तो निवडायचा. पुढच्या दहा वेळा मधल्या वेळात डोळे उघडे ठेवून शेंदरी तुकड्याकडे बघायचं. चुकलेले आकडे लिहून ठेवा, आणि किती चुकले याच्यापेक्षा कुठल्या बाजूला चुकले ते बघा. माझ्या भाच्यावर करून बघितलं तेव्हा दुसऱ्या फेरीतल्या त्याच्या जवळजवळ सगळ्या चुका शेंदरीच्या बाजूला पडल्या होत्या, आणि तो म्हणत होता की मधला तुकडा त्याने नीट बघितलाच नाही.

नमुनाच नसेल तर

हे सगळ्यात अवघड. फोटो नाही, पुठ्ठा नाही, फक्त घरातल्या एका माणसाच्या डोळ्यांत रंग आहे. इथे आपण रंगाचं अख्खं कार्ड उलगडून पुढे ठेवतो, आणि बघता बघता त्या माणसाच्या मनातला रंग आपल्याच हाताने विस्कटतो.

गेल्या वर्षी एक म्हाताऱ्या आजी आल्या. मुलगा मुंबईला, जुनी मूर्ती करणारे वारले, आणि घराच्या गणपतीचा शेला कसा होता ते फक्त त्यांना आठवत होतं. मी कार्ड काढलंच नाही. त्यांना धोतराच्या आडोशाला राखाडी बाजूकडे तोंड करून बसवलं, चहा दिला आणि विचारलं, कसा होता? त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तेरड्यासारको. पण सकाळचो.”

परड्यात तेरडा फुललेलाच होता, पण फूल आणून दाखवलं नाही. आधी पुठ्ठ्याच्या सात तुकड्यांवर सात गुलाबी मारले, सुकवले. एका वेळी एकच तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवून दाखवला. आजी मान हलवायच्या, मी तो उचलायची, मधे पांढरा कागद तसाच थोडा वेळ राहू द्यायची, मग पुढचा. सातांतले दोन त्यांनी बाजूला ठेवायला लावले. अर्ध्या तासाने तेच सात वेगळ्या क्रमाने पुन्हा दाखवले. पुन्हा तेच दोन निघाले. त्या दोघांच्या मधला कालवला, पुठ्ठ्यावर मारला, मागे प्रमाण लिहिलं, आणि एक तुकडा आजींच्या पिशवीत दिला, एक शाळेच्या डब्यात ठेवला.